हिरव्यावर निळा टाका

आधी दिसला तो टाका. फडकं नंतर दिसलं. दुसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक वऱ्हांड्यात सफाईच्या मावशी उकिडव्या बसून फरशी पुसत मागे मागे सरकत होत्या, आणि त्यांच्या हाताखाली जे काही डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होतं त्याच्या एका कडेला निळ्या दोऱ्याची शिवण होती. जाड दोरा. तिरके, एकमेकांना खेटून घातलेले टाके आणि शेवटी उलटा फिरवून आवळलेली गाठ. असा टाका कपड्यावर कोणी घालत नाही. असा टाका बसच्या सीटवर घालतात. मी होतो तिथेच थांबलो. मागून येणारा कोणीतरी पाठीवर आदळला, "थांबायचं तर हात तरी दाखव रे," म्हणून हसला आणि वर्गात शिरला. सगळे शिरले. दार लागलं. आतून हजेरी सुरू झाल्याचा आवाज येऊ लागला. इथे नावाने कोणी हाक मारत नाही, आकडा पुकारतात आणि आकड्याने ओरडायचं. माझा आकडा आला, गेला. मी त्या फडक्याकडे बघत उभा होतो.

"मावशी, हे कुठून आलं?"

"काय?"

"हे. हातातलं."

"फडक्याला काय पत्ता असतो का रे राजा? कोठीतून आलं. सरक, पाय उचल."

मी पाय उचलला नाही. वाकलो आणि फडक्याचं टोक धरलं. मावशींनी दुसरं टोक सोडलं नाही. क्षणभर आम्ही दोघं, त्या खाली बसलेल्या, मी वाकलेला, एकमेकांना ओढत होतो, आणि मधे ताणलेला तो कपडा होता: बगलेत उसवलेला, फिनेलचा वास मारणारा, वापरून वापरून वरणात पडलेल्या पाल्यासारखा झालेला. पण हिरवा. हिरवा म्हणजे हिरवा. तो मी कुठेही ओळखला असता.

"अरे, कॉलेजात शिकायला येता की फडकी ओढायला? ओली फरशी आहे, पडशील तोंडावर. हवंच असेल तर कोठीतलं दुसरं घे. गठ्ठाच आलाय. सगळे हिरवे, आणि सगळ्यांच्या पाठीत भोक. काय दुखणं झालं होतं कोणास ठाऊक."

तेव्हा मी तो उलटा केला. पाठीच्या मधोमध खिडकीसारखं चौकोनी भोक होतं. फाटलेलं नव्हतं, कात्रीने नीट कापलेलं. तिथे माझ्या शाळेच्या जर्सीचा चार नंबर असायचा. पांढरा, कडेने जरासा सोललेला, माझा चार.

"देतो परत," म्हणालो. काय बोललो ते मलाच कळलं नाही. कपडा तसाच ओला छातीशी धरून जिन्याकडे निघालो, आणि मागून मावशींचा आवाज आला, "अरे, मग मी काय पदराने पुसू?"

गच्चीकडे जाणारा जिना वर कुलूपबंद आहे. त्याच्या शेवटच्या वळणावर मोडकी बाकं रचून ठेवली आहेत. कॉलेज सुरू झाल्यापासून मला सापडलेली ही एकच जागा, जिथे कोणी "तू कुठल्या शाळेतला?" असं विचारत नाही. बाकी ठिकाणी विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरीकडे बघतात. शाळेत मी कोणीतरी होतो. हे म्हणायला लाज वाटते, पण खरं आहे. शाळेत लहान वर्गातली पोरं मला वाट द्यायची. पाणी पिण्याच्या नळापाशी, ओल्या मोज्यांचा वास येणाऱ्या कपडे बदलायच्या खोलीत, मैदानाकडच्या त्या करकरणाऱ्या फाटकात, सगळीकडे मी संघातला चार नंबर होतो. बचाव फळीतला. माझ्या बाजूने चेंडू सहज जात नसे, आणि गेलाच तर माणूस जात नसे. गणिताच्या बाईंनी सुद्धा एकदा वर्गात म्हटलं होतं, "याला एकेक प्रमेय अडवतं, आणि हा मैदानावर सगळ्यांना अडवतो." सगळे हसले होते, मीही. इथे मी कोणाला अडवू? इथे जो तो माझ्या बाजूने सहज निघून जातो.

आणि आज दुपारी ट्रायल होती. कॉलेजच्या संघाची. आज निवडला गेलो नाही तर वर्षभर संघाचं तोंड बघायचं नाही. मी जाणार नव्हतो. कालपर्यंत जाणार होतो. काल खेळाच्या खोलीबाहेर खोके उघडत होते आणि त्यातून जांभळ्या जर्सी निघाल्या. आमच्या शहराचा क्लब विकत घेणारी तीच कंपनी, तोच जांभळा, छातीवर तेच हसरं चिन्ह. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी जाऊन आईला सांगितलं, मी खेळणार नाही. आई भाजी चिरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मग बाबांनी अर्धी रजा टाकलीय तिचं काय करायचं?"

"कोणी सांगितलं होतं टाकायला?"

"मला नको विचारू. मी तुमच्या दोघांची टपालपेटी झालेय नुसती. 'त्याला सांग पंखा बंद कर.' 'त्यांना सांग मी जेवलोय.' एका खोलीत बसता, माझ्या तोंडाने बोलता. माझं स्वतःचं काही बोलायचं असेल तर मी कोणाचं तोंड शोधू?"

"त्यांना सांग येऊ नका."

"सांगेन. पण ते येतील." आणि मग सुरी थांबवून, जरा हळू आवाजात, "तुझ्यासारखेच आहेत रे. फक्त आवाज करत नाहीत."

माझ्यासारखे! याचाच तर संताप येतो. मला जे काही झालंय ते त्यांनी केलंय. मला चालता येत नव्हतं तेव्हा त्यांनी मला हिरवं टोपडं घातलं. शहराचा क्लब हिरवा होता, गोदीच्या अलीकडच्या त्या उतरत्या पत्र्यांच्या स्टेडियमचा, आणि आमच्या घरात हिरवा हा रंग नव्हता, नातं होतं. मॅच असली की बाबा बसडेपोतून, सीटा शिवायच्या कामावरून येऊन आंघोळ करत, धुतलेला शर्ट घालत आणि जुन्या कोचाच्या डाव्या टोकाला बसत. मी उजव्या. जागा बदलायची नाही. एकदा पाहुणे आले आणि मधे बसले तर बाबांनी त्यांना इतक्या प्रेमाने खुर्चीवर हलवलं की त्यांना कळलंही नाही आपल्याला उठवलंय. पेनल्टी असली की बाबा डोळे मिटून हात जोडत आणि मी त्यांना सांगायचं काय झालं ते. त्यांनी स्वतः कधीच पेनल्टी पाहिली नाही. माझ्या तोंडूनच ऐकली. मी "गेला!" म्हणालो की डोळे उघडत, "कुठे? आत की बाहेर?" विचारत, आणि आई आतून म्हणे, "देवाला एवढं कामाला लावू नका, त्याला इतर घरंही आहेत."

आणि हरलो की. हरलो की बाबा उठायचे, चपला घालायचे आणि समोरच्या दारी जायचे. समोरचे काका नदीपलीकडच्या क्लबाचे, जन्मजात विरोधी. बाबा त्यांची बेल दाबून हात पुढे करायचे. "छान खेळले तुमचे." काका बिचारे ओशाळायचे, "अहो, नशीब हो," म्हणायचे, आत बोलवायचे. मला ते दृश्य सहन व्हायचं नाही. "चल माझ्याबरोबर," बाबा म्हणत. मी मोरीत जाऊन कडी लावायचो. नळ सोडून बसायचो, म्हणजे त्या दोघांचं हसणं ऐकू येऊ नये. आपण हरलोय आणि आपला बाप शेजाऱ्याच्या दारात उभा राहून हसतो! नळाखाली पाय भिजत, डोळ्यांतून पाणी, आणि ते पाणी दुःखाचं नाही, रागाचं. राग आला की मला रडू येतं, ही माझी जुनीच खोड. आता ओल्या फडक्याशी बसलो होतो तरी तेच. फरक एवढाच की इथे नळ नव्हता.

शाळेची ती हिरवी, चार नंबरची जर्सी माझी नव्हती, हेही सांगायला हवं. शाळेत जर्सी कोणाचीच नसते. ती शाळेच्याही आधी तुझ्या मागच्याची आणि तुझ्या पुढच्याची असते, असं खेळाचे सर म्हणायचे. आमचे सर मॅचच्या आधी भाषण करत नसत, गात. म्हणजे सुरुवात बोलण्यानेच व्हायची. नाड्या घट्ट बांधा, पंचांशी हुज्जत नको, कोपऱ्यात चिखल आहे. आणि बोलता बोलता कधी वाक्याला चाल लागायची ते कळायचं नाही. मग त्यांचा तो जाडा, थोडा चिरलेला आवाज खोलीभर पसरायचा, बाकावर बोटांनी ठेका, आणि एकच ओळ फिरून फिरून यायची, "अंगातलं देऊन जा रे, अंगावरचं ठेवून जा." पहिल्यांदा ऐकताना आम्ही कोपराने एकमेकांना ढोसून हसायचो. दुसऱ्या फेरीला पुटपुटायचो. तिसऱ्या फेरीला सगळी खोली गात असायची आणि हातावर काटा उभा राहायचा. देवाशपथ, त्या खोलीत मला जे वाटलं ते नंतर कुठल्या प्रार्थनेच्या जागी वाटलं नाही. जाणारा मुलगा त्याची जर्सी स्वतःच्या हाताने धुऊन आणायचा, आईच्या नाही, आणि ज्याला द्यायची त्याच्या डोक्यातून स्वतः घालायचा. घेणाऱ्याने नुसते हात वर करायचे. आणि त्याचं डोकं कपड्याच्या आत असताना, त्याला काही दिसत नसताना, देणाऱ्याने त्याच्या कानापाशी एकच गोष्ट सांगायची: आपल्याला काय जमलं नाही ते. काय जमलं ते सगळ्यांना माहीत असतंच, सर म्हणायचे, ते सांगण्यात काय मोठेपणा.

मला दिली ती उंटाने. उंट म्हणजे लांब मानेचा, लांब पायांचा, शाळेत त्याच्याइतकं वेगाने कोणी पळायचं नाही. हिरव्या अंधारात त्याचा आवाज आला होता, "मला पास देता आला नाही कधी. बॉल मिळाला की एकटाच पळालो. तू दे." आणि मी पास दिले, जीव तोडून दिले. ती जर्सी माझ्या खांद्यावर आली तेव्हाच उसवलेली होती. आईने शिवली तर पहिल्याच मॅचमध्ये फाटली. मग बाबांनी एका रात्री डेपोतून आणलेला निळा दोरा आणि ती वाकडी सुई काढली, तोंडात मेणाचा खडा धरून दोरा त्यावरून ओढला, आणि म्हणाले, "बस ब्रेक मारते तेव्हा या टाक्यावर माणसं आदळतात. तुझं धक्काबुक्कीचं काय घेऊन बसलास." हिरवा दोरा नव्हता त्यांच्याकडे. सीटा निळ्या असतात. पोरं चिडवायची, चार नंबरच्या खांद्यावर बसचं तिकीट आहे. मी चिडायचो नाही. त्या एका गोष्टीवरून मी कधीच चिडलो नाही.

शेवटच्या दिवशी मी ती काडीला दिली. काडी दोन वर्षांनी लहान, अंगात काही नाही, पण चेंडू आला की हटत नाही. जर्सी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आली. त्याचं डोकं आत होतं. मी काय सांगितलं ते त्याला आणि मला माहीत. "हरल्यावर मला हात मिळवता आला नाही. कधीच. तू मिळव." पंच शिट्टी वाजवायचे आणि मी पाठ फिरवून चालू लागायचो. सर ओरडायचे, मी ऐकायचो नाही. माझा हात वर यायचाच नाही, जणू कोणी कोपरात खिळा ठोकलाय.

आणि मग उन्हाळ्यात क्लब विकला. एका सकाळी पेपरात आलं, संध्याकाळी टीव्हीवर. एक कंपनी आली, म्हणाली हिरवा रंग पडद्यावर उठून दिसत नाही. जांभळा दिसतो. उतरते पत्रे काढले, नाव बदललं, बिल्ल्यावरचा जहाजाचा नांगर काढला आणि तिथे एक हसरं काहीतरी आलं, ज्याला तोंड आहे पण डोळे नाहीत. मी वाट बघत होतो, शहर पेटेल. काही नाही. बसथांब्यावर जांभळं, दूधवाल्याच्या टोपीवर जांभळं. जी माणसं हिरव्यासाठी एकमेकांच्या गळ्यात पडून रडली होती, ती दुकानाबाहेर रांगेत उभी राहून जांभळे पंचे घेत होती. पहिल्या मॅचच्या दिवशी मी कोचावर बसलो नाही. दारात उभा राहिलो. बाबा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून डाव्या टोकाला येऊन बसले. त्यांनी टीव्ही लावला.

"हे बघणार तुम्ही?"

"पोरं तीच आहेत रे. तोच गोलकीपर, तोच तुझा आवडता, लंगडत पळणारा."

"रंग?"

"रंगाचं काय एवढं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग ते म्हणाले, जरा चाचरत, जसं काही लाडू चोरताना सापडले असावेत, "त्यांची बस आलीय आपल्या डेपोत. आतून नवी करायची होती. सीटा मीच शिवल्या. जांभळ्या." आणि मग, "ती पोरं त्यावर बसून गावोगाव जाणार. माझ्या शिवणीवर. त्यांना शिव्या कशा देऊ मी?"

मी काय काय बोललो. विकाऊ म्हणालो. क्लब विकला त्यात तुम्हीही विकले गेलात, म्हणालो. समोरच्याच्या दारात जाऊन हसण्याची सवय लागली की माणूस कुठेही हसतो, असंही म्हणालो. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बाकी काही केलं नाही. एक थोबाडीत मारली असती तरी मला बरं वाटलं असतं. त्यानंतर आम्ही बोललो ते आईमार्फत.

म्हणजे तोपर्यंत माझ्याकडे उरलं होतं ते हेच. शाळेचा हिरवा. कुठेतरी मैदानावर गुडघ्यापर्यंतच्या जर्सीत एक काडी पळते आहे आणि तिच्या खांद्यावर निळा टाका आहे, एवढ्यावर मी या कॉलेजात रोज आकड्याला ओरडत होतो. आणि तो टाका आता फरशी पुसत होता. पाठीत भोक पाडून. ज्याला मी माझं सगळ्यात लाजिरवाणं सांगितलं, त्याने? मी फोन काढला. शाळेची मधली सुट्टी सुरू झाली असणार, पोरं भिंतीआड फोन घेऊन बसत असणार. एकाच घंटेत काडीने उचलला.

"दादा! मी तुला फोन करणारच होतो, काय झालं माहितीये..."

"तोंड बंद ठेव आणि ऐक. जर्सी कुठाय?"

"कुठली?"

"कुठली? चार नंबरची! तुझ्या अंगावर घातली होती ती! मी सांगू कुठाय? माझ्या मांडीवर आहे. फिनेलचा वास येतोय तिला. कॉलेजची फरशी पुसतात तिने. नंबर कोणी कापला?"

पलीकडे पोरांचा गलका.

"बोल ना! नवीन मिळाली म्हणून जुनी भंगारात? हसरं तोंड लावून फिरतोयस ना आता? लाज वाटली नाही? तुला द्यायलाच नको होती. खुंटीला अडकवली असती तर तिने तुझ्यापेक्षा बरी सांभाळली असती!"

जिन्यात माझाच आवाज फिरून माझ्याकडे आला. खाली कोणीतरी "शूऽऽ" केलं.

"झालं बोलून?" काडीने विचारलं.

"नाही."

"मग बोल. मी थांबतो."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच थांबला होता. मी जर्सी मांडीवर पालथी केली.

"तूच सांगितलं होतंस ना, हात मिळव म्हणून," काडी म्हणाला. "मी रोज सराव करतो. आता ऐक. त्या क्लबवाल्या कंपनीने शाळेलाही जर्सी पाठवल्या, जुन्या सगळ्या गोळा करून द्या म्हणाले. सरांना वरून आदेश होता. सर त्या दिवशी गायलेच नाहीत, दादा. नुसते बसले बाकावर. मग म्हणाले, आजची संध्याकाळ तुमच्याकडे आहेत, उद्या न्यायला येतील. मग आम्ही ठरवलं. नंबर कापायचे आणि नव्या जर्सीला आतून शिवायचे. बाहेर काही दिसणार नाही, पण पाठीला लागून तोच नंबर. पण शिवणार कोण? आमच्यातल्या एकालाही सुई धरता येत नाही. मग मला तुझा खांदा आठवला. मी डेपोत गेलो."

"कुठे गेलास?"

"काकांकडे. तुझ्या बाबांकडे. सगळा गठ्ठा घेऊन. त्यांनी चहाच्या सुट्टीत बसून सगळ्यांचे शिवले. कापलेही त्यांनीच, आम्ही कापत होतो तर वाकडं जात होतं. तुझा चार कापताना म्हणाले, हा जरा सोललाय, याला दुहेरी टाका घालतो. निळ्याच दोऱ्याने. पळताना टोचतो, दादा, सारखा टोचतो. सर म्हणाले टोचू दे. आणि परवा गायले."

मी जर्सीतलं ते चौकोनी भोक बघत होतो. कडा सरळ होत्या. शाळकरी पोराच्या कात्रीला अशा कडा येत नाहीत. हे मला आधीच दिसायला हवं होतं.

"तुला का नाही सांगितलं?"

"काका म्हणाले नको. तो चिडलाय, शांत झाला की मीच सांगेन. आणि हो, त्यांनी विचारलं, डोक्यातून घालताना तुम्ही एकमेकांना काय सांगता. मी पद्धत सांगितली. तुझं नाही सांगितलं, शपथ. त्यांनी शिवणं थांबवलं. सुई नुसती हातात. मग म्हणाले, असं आमच्या वेळी असायला हवं होतं." मागे घंटा झाली. "दादा, जातो. आणि ती फरशीवाली आम्हीच दिलेली, न्यायला आले त्यांना, फडक्यांसाठी. माफ कर. कोणाला तरी उपयोगी पडते ना?"

फोन बंद झाला तरी मी तो कानाला धरून होतो. राग कुठे ठेवावा कळेना. इतका वेळ तो एका पोरावर होता, शाळेवर, सरांवर. आता त्याला टेकायला जागा नव्हती, पण म्हणून तो गेला नव्हता. उलट वाढला. कापायचं तर मला विचारून कापायचं. शिवायचं तर मला सांगून शिवायचं. चहाच्या सुट्टीत वाकून माझा चार दुहेरी टाक्याने शिवणारा माणूस रोज रात्री माझ्यासमोर बसून जेवतो आणि आईला म्हणतो, त्याला विचार भात हवाय का! मी उठलो. ट्रायलला नाही, असं स्वतःला बजावलं. जाब विचारायला.

मैदानाच्या कडेला खेळाडूंसाठी एक बाक आहे, रेक्झिनचा, फाटका. बाबा त्यावर बसले नव्हते. त्याच्यासमोर वाकून, खांद्याला हत्यारांची पिशवी, फाटलेल्या जागेत अंगठा घालून आतला स्पंज चाचपत होते. मला बघून सरळ झाले.

"आलास?"

"ट्रायल माझी आहे. येणारच."

"आई म्हणाली येणार नाहीस."

"आई काहीही सांगते."

किती दिवसांनी आम्ही सरळ बोललो, आणि बोललो ते हे. मी ओला कपडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, बाकावर पसरला. भोकाकडे त्यांनी पाहिलं नाही. खांद्याशी अंगठा नेला आणि शिवणीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, जसे ते डेपोत सीट तपासतात.

"टाका धरलाय," म्हणाले. "एवढं घासलं, पिळलं. सुटला नाही."

"तुम्ही कापलीत."

"हो."

"मला न विचारता."

"हो. तुला विचारलं असतं तर तू कापू दिली नसतीस. मग नंबरही गेला असता."

"मला राग आलाय, बाबा."

"दिसतोय."

"तुम्हाला कसा येत नाही? कधीच कसा येत नाही?"

मैदानातून प्रशिक्षक ओरडले, बचाव फळीवाले या, जर्सी घ्या. पोतं उघडलं होतं. मी गेलो, एक उचलली आणि परत बाकापाशी येऊन उभा राहिलो. जांभळी, गुळगुळीत, नव्या प्लास्टिकचा वास. हातात धरवत नव्हती आणि टाकवतही नव्हती. बाकीच्यांनी पटापट चढवल्या. एकाने ओरडून विचारलं, "काय रे, इस्त्री करून हवीय का?" मैदानात हशा झाला. कान तापले. तेवढ्यात बाबांनी माझ्या हातातून ती घेतली, खालून गोळा करत गळ्यापर्यंत आणली, लहान मुलाला घालताना करतात तशी, आणि म्हणाले, "हात वर कर."

"बाबा, सगळे बघताहेत."

"बघू देत. कर वर."

मी हात वर केले. कपडा डोक्यावर आला आणि सगळं जांभळं झालं. उन्हाने उजळलेलं, श्वासाने गरम होणारं जांभळं. त्यांनी तो खाली ओढला नाही. तिथेच धरून ठेवला. कानापाशी दोऱ्याच्या मेणाचा वास आला.

"मला भांडता आलं नाही कधी," बाबा म्हणाले. "क्लब विकला तेव्हा पोटात आग पडली होती रे. डेपोत गेलो आणि सीटा शिवल्या. दुसरं काही जमलंच नाही. तू बघ."

मग जर्सी खाली आली. उजेड डोळ्यांत घुसला. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, ते त्या हिरव्या फडक्याची घडी घालत होते. "कोणाचं आहे हे? परत द्यायला हवं," पुटपुटले, "कोणाचा तरी जिना पुसायचा राहिला असेल." प्रशिक्षकांनी पुन्हा हाक मारली. मी मैदानाकडे वळलो. जर्सी अंगाला हलकी, गार, सरळ बसली होती. पाठीला काहीच टोचत नव्हतं. त्याचा इतका राग आला की शिट्टी व्हायच्या आधीच मी धावत सुटलो.